प्रकल्प व्यवस्थापनाच्या दोन पद्धती : रुग्णालयाच्या संगणकीकरणाच्या निमित्ताने

(संस्थेच्या वार्षिक सभेत विश्वस्त मंडळाच्या विनंतीवरून झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. वक्ते माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात प्रकल्प व्यवस्थापक म्हणून दीर्घकाळ कार्यरत असून संस्थेच्या संगणकीकरण समितीचे मानद सल्लागार आहेत.)





आजचा विषय विश्वस्तांनीच मला नेमून दिला आहे. रुग्णालयाच्या नोंदींच्या संगणकीकरणासाठी आपण सर्वांनी जो निधी उभारला, तो एकच मोठे कंत्राट देऊन खर्च न करता लहान लहान टप्प्यांनी खर्च करावा, असा प्रस्ताव समितीने मंडळापुढे ठेवला आहे. त्यावर काही देणगीदारांनी लेखी शंका उपस्थित केली. तिचा आशय असा की, ज्या कामाचा संपूर्ण आराखडा आज दाखवता येत नाही आणि ज्याच्या समाप्तीची तारीखही सांगता येत नाही, त्या कामाला आम्ही कोणत्या भरवशावर पैसे द्यावेत? प्रसूतिविभागाच्या नव्या इमारतीच्या वेळी याच सभागृहात नकाशे लावले होते, प्रत्येक मजल्याचा खर्च मांडला होता. मग आताच हा अपवाद का?

शंका अत्यंत रास्त आहे. दुसऱ्याच्या पैशाचा विनियोग करणाऱ्यांना असा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. विषय थोडा रूक्ष आहे. परंतु आपल्या पैशाशी आणि आपल्या माणसांच्या औषधपाण्याशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे आपण तो धीराने ऐकून घ्याल, अशी आशा आहे.

प्रथम परंपरागत पद्धतीविषयी. घर बांधताना आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आधी वास्तुविशारदाचा नकाशा, मग महापालिकेची मंजुरी, मग पाया, जोते, खांब, स्लॅब आणि शेवटी गिलावा. प्रत्येक पायरी पुरी झाल्यावाचून पुढची सुरू होत नाही, आणि एकदा स्लॅब ओतला की खांबाची जागा बदलता येत नाही. म्हणून सर्व विचार आधी, कृती नंतर, असा तिचा क्रम आहे. विसाव्या शतकात या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप मिळाले. हेन्री गँट यांनी कामांचे वेळापत्रक आडव्या पट्ट्यांनी मांडण्याची रीत रूढ केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीने आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पाने गुंतागुंतीच्या कामांचा क्रम गणिताने ठरवण्याची तंत्रे विकसित केली. धरणे, पूल, कारखाने ही सारी या शिस्तीची फळे आहेत. तिला कमी लेखण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. आपल्या रुग्णालयाची ऑक्सिजनवाहिनी कोणी ‘करून पाहू, चुकले तर बदलू’ अशा रीतीने टाकू म्हणाला, तर त्याला मी दारातूनच परत पाठवीन.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, तेव्हा हीच शिस्त तेथे आणली गेली. गरजांची नोंद, आराखडा, लेखन, चाचणी, वापर अशा पायऱ्या ठरल्या. पाणी जसे एका कड्यावरून खालच्या कड्यावर पडते आणि परत वर चढत नाही, तसे हे काम; म्हणून त्याला पुढे ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, असे नाव पडले. या पद्धतीचे जनकत्व बहुधा विन्स्टन रॉइस या अभियंत्याच्या १९७० सालच्या निबंधाला दिले जाते. गंमत अशी की त्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही, आणि पायऱ्यांची आकृती काढल्यावर रॉइस यांनी लगेच बजावले होते की, असे सरळ उतरत जाणे धोक्याचे आहे. चाचणीच्या वेळी जे उमगते त्यामुळे आराखड्याकडे परतावे लागते, म्हणून नव्या प्रकारचे काम असेल तर ते एकदा लहान प्रमाणात करून पाहावे आणि मग दुसऱ्यांदा नीट करावे. जगाने आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला.

हा इशारा इमारतीला फारसा लागू पडत नाही आणि आज्ञावलीला पडतो, त्याचे कारण काय? खोली म्हणजे काय हे मालक, गवंडी आणि वास्तुविशारद या तिघांनाही आधीपासून ठाऊक असते. परंतु वॉर्डातील सिस्टरांना ‘तुम्हाला संगणकावर नेमके काय हवे?’ असे विचारले, तर त्या जे सांगतील ते त्यांच्या हातातल्या रजिस्टराचे वर्णन असेल. पडदा समोर आल्यावर, रात्रपाळीत तीस रुग्णांमध्ये एकटीने तो वापरल्यावर, त्यांना खरे काय हवे ते कळते. यात त्यांचा काही उणेपणा नाही. गरज अशीच कळते. आमच्या क्षेत्रात तीस-तीस वर्षे घालवलेली माणसेही याला अपवाद नाहीत.

डॉक्टर मंडळींना हा भेद मी सांगण्याची आवश्यकता नाही. शस्त्रक्रियेची तयारी आदल्या दिवशी पूर्ण होते. रक्तगट, भूल, उपकरणे, सारे ठरलेले असते. परंतु मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन सुरू करताना कोणताही डॉक्टर सहा महिन्यांची मात्रा पहिल्याच दिवशी लिहून देत नाही. थोडी मात्रा द्यायची, साखर तपासायची, मात्रा बदलायची, पुन्हा तपासायची. यालाही नियोजनच म्हणतात. किंबहुना यात लक्ष अधिक घालावे लागते, कारण दर वेळी तपासणी करावी लागते.

या दुसऱ्या रीतीला संगणकक्षेत्रात ‘अ‍ॅजाइल’ म्हणतात. शब्दाचा अर्थ चपळ असा आहे, तथापि मला ‘लवचिक’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. चपळ म्हटले की लोकांना वाटते काम झटपट होणार, आणि तसे आश्वासन ही पद्धत देत नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी सतरा अनुभवी तंत्रज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटेसे निवेदन तयार केले. त्यातील विचार नवा नव्हता. जपानमधील ताकेउची आणि नोनाका या दोन प्राध्यापकांनी १९८६ सालीच एका लेखात दाखवून दिले होते की, नवी उत्पादने लवकर आणि चांगली घडवणाऱ्या कंपन्यांत एका खात्याने काम संपवून दुसऱ्याकडे सोपवायचे अशी पद्धत नसते. रग्बीच्या संघासारखे सारे मिळून चेंडू पुढे नेतात. स्नोबर्डच्या निवेदनाचा सारांश असा सांगता येईल: कागदपत्रांना, कराराला आणि योजनेला मोल आहेच, पण वापरता येणारी वस्तू, ग्राहकाशी सतत संवाद आणि बदलाला सामोरे जाण्याची तयारी यांना त्याहून अधिक मोल द्यावे. यातील पहिला अर्धा भाग पुष्कळ जण विसरतात. ‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ असे म्हणून कागदच न ठेवणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते? करायच्या सर्व गोष्टींची एक यादी असते आणि तिचा क्रम लावण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला असतो, तोही तंत्रज्ञाला नव्हे, वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधीला. यादीच्या वरच्या टोकाची थोडी कामे उचलून दोन ते चार आठवड्यांच्या ठरावीक मुदतीत ती पुरी करायची. रोज पंधरा मिनिटे उभ्या उभ्या भेटून अडचणी सांगायच्या. मुदत संपली की झालेले काम वापरणाऱ्यांच्या हाती देऊन त्यांच्यासमोर चालवून दाखवायचे, काय जमले नाही ते मोकळेपणाने बोलायचे आणि यादीचा क्रम पुन्हा लावायचा. परंपरागत पद्धतीत कामाची व्याप्ती पक्की धरलेली असते आणि मग वेळ व खर्च वाढत जातात; येथे वेळ व खर्च पक्के धरतात आणि त्या मर्यादेत सर्वांत गरजेचे काम आधी होते, कमी गरजेचे मागे राहते किंवा होतही नाही. देणगीदारांच्या दृष्टीने या दोन पद्धतींतला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे.

हे सारे तत्त्व झाले. रुग्णालयांच्या बाबतीत याचा अनुभव काय आहे, ते पाहिल्यावाचून निर्णय घेणे योग्य होणार नाही.

इंग्लंडने २००२ साली आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संगणकीकरणाचा महाप्रकल्प हाती घेतला. देशातील सुमारे पाच कोटी रुग्णांच्या नोंदी कोणत्याही रुग्णालयात उपलब्ध व्हाव्यात, असा उदात्त हेतू होता. देशाचे पाच विभाग पाडून अल्पावधीत दीर्घ मुदतीची कंत्राटे देण्यात आली. २००६ साली तेथील लेखापरीक्षकांनी एकूण खर्चाचा अंदाज १,२४० कोटी पौंड इतका वर्तवला. त्याच वर्षी एका मोठ्या कंत्राटदाराने अंग काढून घेतले. २००८ मध्ये दुसऱ्याचे कंत्राट संपुष्टात आले. सप्टेंबर २०११ मध्ये हा राष्ट्रीय कार्यक्रम मोडीत काढत असल्याचे सरकारने जाहीर केले. २०१३ साली संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जो हिशेब आला, त्यात अपेक्षित खर्च ९८० कोटी पौंड होता. रुग्णांच्या एकसंध नोंदी मात्र ठरल्याप्रमाणे झाल्या नव्हत्या.

यातील एक बाब मी देणगीदारांच्या विशेष नजरेस आणू इच्छितो. कंत्राटे अत्यंत कडक होती. काम पोहोचते केल्यावरच पैसे, अशी अट त्यांत होती. कागदावर यापेक्षा अधिक संरक्षण कोणते हवे? तरीही उपयोग झाला नाही, कारण ‘काम पोहोचले’ म्हणजे काय याची व्याख्या डॉक्टर आणि परिचारिका यांनी वापरून पाहण्याच्या कितीतरी आधी केलेली होती. वस्तू हाती आल्यावर एकेका रुग्णालयाने ती आपल्या कामात बसत नाही असे म्हणायचे, कंत्राटदाराने करारावर बोट ठेवायचे, आणि वर्षे निघून जायची.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की त्याच कार्यक्रमाचे काही भाग उत्तम पार पडले. रुग्णालयांना जोडणारे संगणकजाळे उभे राहिले. क्ष-किरण चित्रे फिल्मऐवजी संगणकावर पाहण्याची व्यवस्था २००७ च्या अखेरीपर्यंत देशभर बसली. ही कामे का साधली? कारण क्ष-किरण चित्र म्हणजे काय, ते कोठे काढतात आणि कोणाला पाहायचे असते, याविषयी कोणाच्याही मनात संदिग्धता नव्हती. तयार वस्तू बाजारात होती, मोजमाप पक्के होते. अशा कामाला आराखड्याची पद्धत चपखल बसते. एकाच कार्यक्रमात दोन प्रकारची कामे होती आणि दोघांना एकच माप लावले गेले, हे माझ्या मते त्या अपयशाचे मूळ आहे.

आता याच्या उलट उदाहरण. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांची मोठी साखळी आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील काही तंत्रज्ञांनी मुख्यालयातील मोठ्या संगणकाची वाट न पाहता रुग्णालयांतच डॉक्टरांच्या शेजारी बसून लहान लहान आज्ञावल्या लिहिण्यास सुरुवात केली. एक औषधालयासाठी, एक प्रयोगशाळेसाठी, एक नावनोंदणीसाठी. मुख्यालयाला हे मुळीच रुचले नाही. काम बंद पाडण्याचेही प्रयत्न झाले. डॉक्टरांनी मात्र ते उचलून धरले आणि १९८२ साली त्याला अधिकृत मान्यता मिळाली. पुढे ‘व्हिस्टा’ या नावाने ओळखली गेलेली ही प्रणाली त्या साऱ्या साखळीत पसरली, आणि २००६ साली हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न संस्थेकडून सरकारी नवोपक्रमासाठीचा पुरस्कार तिला मिळाला.

या प्रणालीतील एक भाग कसा जन्मला, ते सांगण्याजोगे आहे. १९९२ साली कॅन्सस राज्यातील टोपीका येथील रुग्णालयातील एक परिचारिका भाड्याची मोटार परत करत असताना तेथील कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने मोटारीवरची बारकोडची पट्टी वाचली आणि क्षणात व्यवहार पुरा केला. त्या बाईंच्या मनात आले, मोटारीसाठी जे होते ते माझ्या रुग्णासाठी का होऊ नये? रुग्णाच्या मनगटावर पट्टी, औषधाच्या वेष्टनावर पट्टी. दोन्ही जुळल्या तरच औषध द्यायचे. टोपीकामध्ये हे लहान प्रमाणात करून पाहण्यात आले, सुधारले गेले, आणि १९९९-२००० च्या सुमारास देशभरच्या त्या रुग्णालयांत गेले. कोणत्याही निविदेत ही कल्पना लिहिलेली असणे शक्य नव्हते. पुढेही ती पूर्ण निर्दोष ठरली असे नाही. कामाची घाई असली की परिचारिका मनगटाची पट्टी न वाचता रुग्णाचा क्रमांक हाताने टंकतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे वापरात आल्यानंतरही पाहणे थांबवता येत नाही.

आणि या उदाहरणाची दुसरी बाजू मी लपवणार नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या सोयीने बदल केल्यामुळे कालांतराने व्हिस्टाच्या सुमारे १३० वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या. त्यांची निगा राखणे दुष्कर आणि महाग झाले. लहान पावलांनी चालताना दिशा एक ठेवली नाही, तर असे होते. अखेर २०१८ साली सरकारने सुमारे १,००० कोटी डॉलरचे कंत्राट देऊन तयार प्रणाली आणण्याचे ठरवले. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील रुग्णालयात ती सुरू झाली. हा पहिला टप्पा होता. तथापि तो टप्पाच संपूर्ण रुग्णालयाचा होता. डॉक्टरांनी संगणकावर दिलेला एखादा आदेश कोठे पाठवायचा हे प्रणालीला जुळवता आले नाही, तर तो एका वेगळ्या रांगेत जाऊन पडत असे, आणि अशी रांग आहे याची रुग्णालयातील माणसांना कल्पनाच नव्हती. तेथील महानिरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालानुसार जून २०२१ पर्यंत ११,००० हून अधिक आदेश असे गडप झाले होते, आणि त्यामुळे रुग्णांना इजा पोहोचल्याच्या १४९ घटना नोंदल्या गेल्या. आणखी रुग्णालयांत ही प्रणाली बसवण्याचे काम एप्रिल २०२३ मध्ये थांबवावे लागले. हाच दोष आठ-दहा खाटांवर प्रयोग करताना निघाला असता, तर दुसऱ्या दिवशीच्या फेरीत एखाद्या सिस्टरांनी ‘काल सांगितलेली तपासणी झाली का?’ असे विचारले असते आणि तो उघड झाला असता. आकड्यांच्या मागे माणसे असतात. येथे जमलेल्या नातेवाइकांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या परिस्थितीच्या अधिक जवळचे उदाहरण छत्तीसगडातील आहे. बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही धर्मादाय संस्था ग्रामीण आणि आदिवासी रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. २०१२-१३ च्या सुमारास ‘थॉटवर्क्स’ या कंपनीच्या तंत्रज्ञांनी या रुग्णालयाच्या गरजांभोवती एक प्रणाली उभी केली. सर्व काही नव्याने लिहिण्याच्या मोहात ते पडले नाहीत. रुग्णनोंदींसाठी आफ्रिकेतील दवाखान्यांच्या अनुभवातून घडलेली ‘ओपन-एमआरएस’, प्रयोगशाळेसाठी एक आणि हिशेब व औषधसाठ्यासाठी एक, अशा विनामूल्य उपलब्ध असलेल्या तीन आज्ञावल्या त्यांनी जोडल्या आणि वापरणाऱ्यांसमोर येणारा भाग टप्प्याटप्प्याने घडवला. ‘बाह्मनी’ नावाची ही प्रणाली आज अनेक देशांतील रुग्णालये वापरतात आणि तिला परवान्याचे शुल्क नाही. आपल्या समितीने पाया म्हणून तिचाच विचार केला आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. समितीच्या सांगण्यावरून मी काही दिवस स्त्री-वैद्यकीय कक्षात बसून होतो. डॉक्टरांच्या फेरीनंतर औषधात बदल झाला की तो तीन ठिकाणी उतरवला जातो: केसपेपरवर, सिस्टरांच्या औषधतक्त्यात आणि औषधालयाच्या चिठ्ठीवर. तीन ठिकाणी लिहायचे म्हणजे तिन्ही जुळतात की नाही हे पाहणे आलेच, आणि तेही सिस्टरच करतात. केवळ या पडताळणीत त्यांचा रोजचा किती वेळ जातो, हे पाहून मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटला. समितीने पहिले काम म्हणून औषधतक्ता निवडला, तो त्यांच्याच सांगण्यावरून. बिलांचे काम आधी घ्यावे, असे कार्यालयाचे मत होते आणि तेही चुकीचे नव्हते. परंतु क्रम लावण्याचा अधिकार मेट्रनबाईंकडे सोपवलेला आहे, आणि त्यांनी एका वाक्यात निकाल दिला की बिल उशिरा झाले तर चालेल, इंजेक्शन नाही.

बिलांचा उल्लेख निघाला आहे, तर लवचिकता का लागते याचे आणखी एक कारण सांगतो. आपले रुग्णालय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येते. २००६ सालापासून लागू असलेल्या योजनेनुसार निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, आणि निर्धन रुग्ण निधीचा स्वतंत्र हिशेब द्यावा लागतो. पात्रतेची उत्पन्नमर्यादा तेव्हापासून एकाहून अधिक वेळा बदलली आहे. २०१२ मध्ये राज्य शासनाची जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले आणि पुढे तिच्या विमासंरक्षणाची रक्कमही वाढली. आज कोणी कितीही बारकाईने संपूर्ण आराखडा लिहिला, तरी पुढच्या शासननिर्णयाचा मजकूर त्यात येणार नाही. एकरकमी कंत्राटात अशा प्रत्येक बदलासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. आमच्या व्यवसायात कित्येकांचा खरा नफा तेथेच असतो, हे मी या व्यवसायातला असूनही सांगतो.

मग पैशाचा भरवसा काय? समितीने काही गोष्टी कटाक्षाने पक्क्या केल्या आहेत. विद्युतजोडणी, सर्व्हर, यूपीएस, संगणकजाळे आणि नोंदींच्या प्रती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांचा संपूर्ण आराखडा आणि तीन निविदा याच अहवालवर्षात मंडळापुढे आल्या आहेत. हे काम इमारतीसारखेच आहे आणि तसेच होईल. रुग्णाची माहिती कोणी पाहावी याचे नियमही आधीच ठरतील, ते प्रयोगावर सोडलेले नाहीत. उर्वरित कामाला एकूण खर्चाची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेत तीन-तीन आठवड्यांचे टप्पे आहेत, आणि झालेले काम वॉर्डात चालते असे मेट्रनबाईंनी लिहून दिल्यावाचून पुढचा हप्ता सुटणार नाही. कोणत्याही टप्प्यानंतर काम थांबवण्याचा अधिकार मंडळाला आहे, आणि थांबवले तरी तोपर्यंत झालेले सारे, त्याच्या कागदपत्रांसह, संस्थेच्या मालकीचे राहील. वेगवेगळ्या कक्षांनी वेगवेगळे बदल करू नयेत म्हणून प्रत्येक बदल समितीपुढे येईल. १३० आवृत्त्यांची गोष्ट मी उगीच सांगितली नाही.

इमारतीच्या वेळी आपला भरवसा नकाशावर होता. येथे तो दर तीन आठवड्यांनी आपण स्वतः येऊन पाहण्यावर राहील. याला देणगीदारांचाही वेळ लागतो, आणि हा या पद्धतीचा खरा खर्च आहे. कोणी पाहायलाच आले नाही, तर हे टप्पे नावापुरते उरतात आणि मग ही पद्धत जुन्या पद्धतीहूनही वाईट ठरते, कारण हाती नकाशादेखील नसतो. आपल्याकडे कोनशिलेच्या समारंभाला सभागृह अपुरे पडते आणि हिशेबाच्या सभेला खुर्च्या रिकाम्या राहतात. आज तसे झालेले नाही, याचे मला समाधान आहे.

कर्मचारी वर्गाच्या मनात एक धास्ती आहे, तिचाही उल्लेख करतो. संगणक आल्यावर रेकॉर्ड रूममधील मंडळींचे काय? जुने केसपेपर शोधून देणे, त्यांतील माहिती तपासून नव्या नोंदीशी जोडणे हे काम त्यांच्याइतके कोणालाही साधणार नाही. पहिल्या काही टप्प्यांत कागदी तक्ता आणि संगणक दोन्ही चालतील. तेवढे दिवस सिस्टरांवर दुप्पट काम पडेल, हे मान्य करून समितीने त्या कक्षात प्रत्येक पाळीला एक जादा परिचारिका मागितली आहे. मंडळाने ही मागणी मान्य करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती नाकारायची असेल तर हे काम सुरूच न करणे बरे.

पहिला टप्पा स्त्री-वैद्यकीय कक्षातील आठ खाटांपुरता आहे. त्याचे प्रात्यक्षिक सकाळच्या औषधवाटपाच्या वेळी प्रत्यक्ष कक्षातच होईल. सभागृहात पडद्यावर दाखवण्याचा विचार मेट्रनबाईंना पसंत पडला नाही. रुग्णांना त्रास होऊ नये म्हणून एका वेळी चारच जणांना आत जाता येईल. विश्वस्त, देणगीदार आणि त्या कक्षातील रुग्णांचे नातेवाईक या तिघांनाही समान प्रवेश आहे. इच्छुकांनी आपली नावे कार्यालयातील वहीत नोंदवावीत. तारीख सूचनाफलकावर लावली जाईल.

शंका असतील त्यांनी आताच विचाराव्यात. मेट्रनबाई आणि समितीचे सदस्य येथे उपस्थित आहेत.